उदास, खिन्न की हिरमुसलेला? आनंदाच्या उलट बाजूचे नेमके शब्द कसे निवडावेत

लिहिता लिहिता आनंद ओसरला, की बहुतेकांच्या हाताशी तीनच शब्द असतात: दुःखी, उदास, निराश. सहल रद्द झाली म्हणून कोपऱ्यात जाऊन बसलेलं मूल दुःखी, पाहुणे परतल्यावरचं घर उदास, तिसऱ्यांदा अर्ज फेटाळला गेलेला माणूस निराश. यातलं काही चूक नाही, पण वाचणाऱ्याला दिसतही काही नाही. याच तीन जागी मराठीत हिरमुसलेलं, सुनंसुनं आणि खचलेला हे शब्द तयार आहेत, आणि त्यांतला प्रत्येक शब्द आपलं चित्र सोबत घेऊन येतो. असे शब्द कसे निवडायचे, कुठल्या क्रियापदाशी जोडायचे आणि कुठे ते फसतात, ते पायरीपायरीने पाहू. कथा लिहिणाऱ्याला, भाषांतर करणाऱ्याला, वर्गात शिकवणाऱ्याला आणि जिवाभावाच्या माणसाला चार ओळी लिहू पाहणाऱ्यालाही हे उपयोगी पडावं.

पायरी १: कुठला आनंद गेला, ते आधी ठरवा

आनंदाच्या विरुद्ध दुःख, ही जोडी शाळेत पाठ होते आणि पुढे तीच आड येते. आनंद एका प्रकारचा नसतो, म्हणून त्याचा उलटा शब्दही एक नसतो. टवटवी गेली की माणूस मलूल होतो, कोमेजतो. उत्साह गेला की मरगळ येते. हसतमुख चेहऱ्याच्या उलट दुर्मुखलेला चेहरा. मनमोकळ्या माणसाच्या उलट मनातल्या मनात कुढणारा. उमेद गेली की नाउमेद, आशाच मेली की हताश. कार्यक्रमाची रंगत गेली तर विरस, आणि जल्लोषाच्या जागी चिडीचूप शांतता पसरली तर ती सुतकी. तेव्हा वाक्य लिहिण्याआधी एवढंच विचारा: क्षणापूर्वी इथे काय होतं, जे आता नाही? हसू होतं, जोम होता, आशा होती की माणसांचा गजबजाट होता? उत्तर मिळालं की निम्मे शब्द आपोआप गळून पडतात.

या जोड्यांमध्ये एक जोडी जरा थांबून पाहण्यासारखी आहे: प्रसन्न आणि विषण्ण. ऐकताना हे शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत, पण दोन्ही 'सद्' या एकाच संस्कृत धातूचे आहेत. सद् म्हणजे बसणे. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला, की पाणी नितळ होतं, ते प्रसन्न. माणूसच आतून खाली बसला, की तो विषण्ण. प्रसाद आणि विषाद हीसुद्धा त्याच धातूची जोडी. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग, आणि त्यात हा धातू अक्षरशः घडताना दिसतो: 'सीदन्ति मम गात्राणि', माझी गात्रं गळून जात आहेत, असं अर्जुन म्हणतो आणि अध्यायाच्या शेवटी धनुष्य टाकून रथात खाली बसतो. म्हणून विषण्ण हा शब्द नुसत्या वाईट वाटण्याला वापरू नये. हातातलं काम गळून पडावं, उठून उभं राहण्याचं बळ उरू नये, अशा अवस्थेचा तो शब्द आहे. बस चुकली म्हणून कोणी विषण्ण होत नाही.

नकाराचा उपसर्ग लावून उलटा शब्द बनवण्याचा मोह मात्र टाळा. खूशच्या मागे 'ना' लावला की नाखूश होतो, पण नाखूश माणूस दुःखी असेलच असं नाही. त्याला एखादी गोष्ट पसंत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नाराज माणूस कोणावर तरी नाराज असतो, म्हणजे समोर दुसरा माणूस लागतो. अप्रसन्न म्हटलं की नाराजी वरून खाली येते. मोठ्यांची, वरिष्ठांची, दैवताची अप्रसन्नता असते, लहान मुलाची नसते. तिन्ही शब्द आनंदाचा अभाव सांगतात, दुःखाचा पत्ता मात्र देत नाहीत.

पायरी २: दुःख कुठल्या काळाकडे तोंड करून आहे, ते पाहा

मराठीची खरी श्रीमंती या पायरीवर आहे, आणि ती सापडते ती जोडनादाच्या साध्या घरगुती शब्दांत: हुरहूर, चुटपुट, रुखरुख, हळहळ. शब्दकोशात या सगळ्यांपुढे जवळपास सारखेच अर्थ दिलेले दिसतात, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. बोलणारा मात्र त्यांत कधी गफलत करत नाही.

हुरहूर बहुधा उंबरठ्यावर असते. कोणी जायला निघालं आहे, किंवा काहीतरी व्हायचं आहे आणि अजून झालेलं नाही. तिला नेमकं कारण सांगता यावंच असं नाही, आणि तिच्यात थोडी गोडीही असते. संध्याकाळी उगीच हुरहूर लागते, हे वाक्य कारण न देताही पुरं होतं. दुसऱ्या कुठल्याच दुःखाला ही सवलत नाही.

चुटपुट लागते ती नुकत्याच हुकलेल्या गोष्टीची. दोन मिनिटं आधी पोहोचलो असतो तर भेट झाली असती, ही चुटपुट. तिचं आयुष्य लहान असतं. काही तास, फार तर दिवस दोन दिवस.

तीच गोष्ट महिना उलटला तरी टोचत राहिली, तर ती रुखरुख. रुखरुखीला काहीतरी राहून गेलेलं लागतं. निरोप घ्यायचा राहिला, आभार मानायचे राहिले, वाटणीत एकाला कमी आलं. सगळं नीट पार पडलं, पण एवढी एक रुखरुख राहिली, असं आपण म्हणतो, आणि त्यातला 'पण' रुखरुखीचा कायमचा सोबती आहे.

खंत त्याहून खोल आणि लांबची. शिक्षण पुरं करता आलं नाही, आईबापांच्या अखेरच्या दिवसांत जवळ राहता आलं नाही, अशा गोष्टींची खंत असते. ती वर्षानुवर्षं राहते आणि माणूस ती बरोबर घेऊन जगतो. दुसऱ्याने केलेली जखम आत राहिली असेल, तर तो सल. खंत बहुधा न मिळालेल्याची, सल मिळालेल्या घावाचा, एवढा फरक लक्षात ठेवला तर दोन्ही शब्द हुकत नाहीत.

हळहळ बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी असते. कोणाचं तरुण मूल गेलं, कष्टाने उभं केलेलं जळून गेलं, की ऐकणारे हळहळतात. म्हणून हळहळ व्यक्त होते आणि तीही चारचौघांत. ज्याच्यावर घाला पडला, तो स्वतः हळहळत नाही. पोरगं गेल्यामुळे बाप हळहळला, असं लिहिलंत तर बाप परका होतो. बाप कोसळतो, उन्मळून पडतो, मोडून जातो.

पायरी ३: क्रियापद शब्दच निवडतो, आपण नाही

भाषांतरित मजकुरात ही जागा सगळ्यात जास्त बिघडते. 'त्याला हिरमोड वाटला', 'मला वैताग लागला', 'तिला खंत झाली' ही वाक्यं कळतात, पण कानाला खडा लागतो. नामाबरोबर चारच क्रियापदं फिरतात, लागणे, वाटणे, येणे आणि होणे, आणि प्रत्येकाची वागण्याची तऱ्हा वेगळी आहे.

लागणे हे क्रियापद चिकटून राहणाऱ्या गोष्टींचं आहे. भूक लागते, तहान लागते, तशीच हुरहूर लागते, चुटपुट लागते, रुखरुख लागते, घोर लागतो. ती आपण होऊन सुटत नाहीत, काहीतरी घडावं लागतं: बातमी यावी, माणूस परतावा.

वाटणे या क्रियापदात मनाने केलेला थोडा विचार असतो. खंत वाटते, खेद वाटतो, हळहळ वाटते, वाईट वाटतं. माणसाने परिस्थिती पाहिली, तोलली, आणि मग त्याला तसं वाटलं.

येणे हे अंगावर चालून येणाऱ्या अवस्थांचं. मरगळ येते, कंटाळा येतो, वैताग येतो, उबग येतो, नैराश्य येतं. इथे माणसाचा हात नसतो, म्हणून शरीराच्या थकव्याशी जोडलेले शब्द बहुधा या गटात पडतात.

होणे हे घटनेचं. हिरमोड होतो, विरस होतो, अपेक्षाभंग होतो, घालमेल होते, तगमग होते. आणि इथे विभक्ती बदलते, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. हुरहूर 'मला' लागते, पण हिरमोड 'माझा' होतो. चुटपुट 'तिला' लागते, पण घालमेल 'तिची' होते. होणे आलं की बहुतेकदा मला, तिला जाऊन माझा, तिची येतं. 'त्याला विरस झाला' हे वाक्य 'सगळ्यांचा विरस झाला' असं केलं की लगेच जागेवर बसतं. जीव हा शब्द दोन्हीकडे चालतो, तोही याच नियमाने: जिवाला हुरहूर लागते, जिवाची घालमेल होते.

नामाऐवजी सरळ क्रियापद वापरता आलं तर वाक्य आणखी हलकं होतं. हिरमुसणे, कुढणे, झुरणे, खंगणे, खचणे, वैतागणे. मात्र हे शब्द शेजारी राहणारे असले तरी सख्खे नाहीत. कुढणारा बोलत नाही, आतल्या आत जळत राहतो, आणि बहुधा अन्याय झाला असं त्याला वाटत असतं. झुरणारा कोणासाठी तरी झुरतो. खंगणं शरीराचं आहे, ते डोळ्यांना दिसतं. खचतो तो धीर, म्हणून आधी धीराने उभा असलेलाच माणूस खचू शकतो. पहिल्यापासून घाबरलेल्या माणसाबद्दल खचला म्हणू नये.

पायरी ४: नकार वापरून पाहा

बोलण्यातली मराठी दुःखाचं नाव घ्यायला तशी नाखूश असते. ती आनंद हजर नाही, एवढंच सांगते आणि थांबते. करमत नाही. चैन पडत नाही. कशात मन लागत नाही. अन्न गोड लागत नाही. कशातच राम वाटत नाही. यातलं 'करमत नाही' खास जपून ठेवण्यासारखं आहे. करमणूक ज्या क्रियापदातून आली, त्याच करमण्याचा हा नकार. पोर शिकायला दूर गेलं, की आई फोनवर मी दुःखी आहे म्हणत नाही, 'तू गेल्यापासून घरात करमत नाही रे' म्हणते. त्या 'रे'मध्ये सगळं येऊन जातं.

संवाद लिहीत असाल तर हा नियमच करून टाका: पात्राच्या तोंडी आधी नकार घालून पाहा, विशेषण नंतर. 'मला दुःखी वाटतंय' हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी सहसा येत नाही. तो म्हणतो, वाईट वाटतंय, कसंतरीच होतंय, नको नको झालंय. विषण्ण, खिन्न, उद्विग्न हे शब्द निवेदकाचे. स्वतःबद्दल बोलताना 'मी आज खिन्न आहे' असं म्हणणारं पात्र एक तर पुस्तकी असतं किंवा मुद्दाम तसं रंगवलेलं.

पायरी ५: शब्द कोणाला लावता आहात?

काही शब्द माणसाला लागतात, काही चेहऱ्याला, काही जागेला, आणि ही हद्द ओलांडली की वाक्य डळमळतं.

उदास सगळीकडे चालतो, मन, माणूस, चेहरा, सूर, संध्याकाळ. म्हणूनच तो इतका वापरून झिजला आहे. उदासवाणा मात्र बहुतेक जागेला, वेळेला, प्रकाशाला. भकास घराला, माळाला, नजरेला लागतो, माणसाला नाही. कुंद फक्त हवा. ओकंबोकं म्हणजे जिथे काहीतरी असायला हवं होतं आणि आता नाही, अशी जागा: ओकीबोकी भिंत, दागिना उतरवलेला ओकाबोका गळा. सुनंसुनं म्हणजे आवाज आणि वावर गेलेला. अवकळा येते, रया जाते, शोककळा पसरते. या तिन्ही क्रिया माणसाने केलेल्या नाहीत, त्या आपोआप घडतात, म्हणून त्यांत दोष कोणावर येत नाही. मलूल आजारी मुलाला आणि सुकत चाललेल्या रोपाला सारखाच शोभतो, कारण दोघांतही जोम आटलेला असतो. मळभ आकाशात येतं आणि मनावरही दाटतं.

चेहऱ्याची भाषा तर स्वतंत्रच आहे. अपेक्षा मोडली की चेहरा पडतो, आणि ते एका क्षणात होतं. तोंड उतरतं ते काळजीने किंवा दगदगीने, हळूहळू. मोठा धक्का किंवा अपमान बसला की चेहरा काळवंडतो. पांढराफटक मात्र तो भीतीने पडतो, दुःखाने नाही. तोंड पाडून बसणं हे इतरांना दिसावं म्हणून असतं, गाल फुगवणं रुसव्याचं, आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा नाइलाजाने काहीतरी सोसणाऱ्याचा. शोकसभेतल्या माणसाच्या चेहऱ्याला एरंडेल लावलंत तर त्याचं दुःख खोटं ठरतं.

कंठ दाटणे, गहिवरणे, गलबलणे, डोळे पाणावणे यांना थेट दुःखाच्या यादीत टाकू नका. ही भावना ओसंडण्याची चिन्हं आहेत. लेकीचं यश पाहूनही बापाला गहिवरून येतं. ही क्रियापदं वापरताना कारण शेजारीच ठेवावं लागतं, नाहीतर वाचणारा चुकीच्या बाजूला जातो.

पायरी ६: चिडकी बाजू

आनंद नसला की रडूच येतं असं नाही, काही जणांचा तोल रागाकडे जातो. त्रासिक, तिरसट, तुसडा, किरकिरा हे त्या घरचे शब्द. त्रासिक मुद्रा तात्पुरती असते. तिरसट आणि तुसडा हे स्वभाव. तिरसट माणूस वाकडं उत्तर देतो, तुसडा जवळच येऊ देत नाही. किरकिर आजारी किंवा झोपेला आलेल्या मुलाची, कुरकुर काम गळ्यात पडलेल्या मोठ्या माणसाची, पिरपिर न थांबणारी, आणि रडगाणं म्हणजे रोज तीच तक्रार. यातला कुठलाही शब्द वापरला की लिहिणारा त्या माणसाच्या बाजूने राहत नाही. खरोखर दुःखात असलेल्या माणसाच्या बोलण्याला रडगाणं म्हणणं हा अन्याय आहे, तेव्हा हे शब्द तोलूनमापून वापरा.

पायरी ७: वजन आणि प्रसंग

साधारण चढत्या क्रमाने लावायचं तर खट्टू, हिरमुसलेला, उदास, खिन्न, विषण्ण, शोकाकुल असा क्रम लागतो. खट्टू घटकाभर. लाडक्या माणसाबद्दल थोड्या मायेने बोलताना तो शोभतो. हिरमुसणं लहान मुलांकडे जास्त जातं. मोठ्या माणसाला लावलं तर त्याच्यातलं मूल दिसतं, आणि तसं दाखवायचं असेल तेव्हा जरूर लावा. उदास दिवसभर पुरतो. खिन्नपणाला कारण असतं आणि ते माणसाला ठाऊक असतं. उद्विग्न थोडा बाजूचा शब्द. त्याचा धातू थरथरण्याचा आहे, त्यामुळे त्यात दुःखाबरोबर संताप आणि अस्वस्थता असते. उद्विग्न माणूस येरझारा घालतो, विषण्ण माणूस बसून राहतो.

शोक हा सगळ्यात जड. नाट्यशास्त्रात शोक हा करुण रसाचा स्थायी भाव, तर विषाद हा येणाऱ्या-जाणाऱ्या 33 व्यभिचारी भावांपैकी एक, आणि तो हाती घेतलेलं काम तडीस न गेल्यामुळे उपजतो असं सांगितलं आहे. ही विभागणी आजही कामाला येते: कोणी गेलं तर शोक, काही फसलं तर विषाद.

मृत्यूच्या प्रसंगी लिहिताना दोन शब्दांपासून लांब राहा. पहिला खेद. 'कळवण्यास खेद होतो' हे अर्ज नामंजूर झाल्याचं वाक्य आहे. जवळच्या माणसाला पाठवलं तर ते थंड वाटतं. दुसरा दिलगीर. फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ दुःखी मनाचा असा होता, पण आजच्या मराठीत तो गैरसोयीबद्दलच्या माफीला बांधला गेला आहे. 'तुमचे वडील गेल्याबद्दल दिलगीर आहे' असं लिहिलं, तर जणू चूक लिहिणाऱ्याचीच होती असं वाटतं. अशा वेळी साधं लिहावं: काकांची बातमी कळली, फार वाईट वाटलं. गेलेल्या माणसाला आपण ज्या नात्याने हाक मारायचो, तेच नातं पत्रात ठेवलं, तर मोठे शब्द लागत नाहीत. 'शोकाकुल' कुटुंबीयांच्या सहीखाली ठीक, सांत्वन करणाऱ्याने तो स्वतःसाठी घेऊ नये.

पायरी ८: शेजारचे, पण वेगळे

उदासीन म्हणजे उदास नव्हे. उद् आणि आस् मिळून झालेल्या या शब्दाचा अर्थ अलिप्त बसलेला, कुठलीच बाजू न घेणारा. कारभारी प्रश्नाबद्दल उदासीन असू शकतात आणि तरीही मजेत असू शकतात. 'आई गेल्यापासून तो उदासीन असतो' हे वाक्य सर्रास दिसतं, तिथे उदास हवा.

ग्लानी मराठीत तापाने किंवा अशक्तपणाने येणारी गुंगी. हिंदीत तो पश्चात्तापाचा शब्द आहे, त्यामुळे हिंदीवरून भाषांतर करताना तो जसाच्या तसा उतरतो आणि अर्थ पालटतो. घुमा, अबोल, एकलकोंडा हे स्वभाव आहेत. अबोल माणूस आतून अगदी समाधानी असू शकतो. विरक्त माणसाने सुख सोडलेलं असतं, त्याचं ते हरवलेलं नसतं.

निराशा आणि नैराश्य यांत तर हयगय करूच नये. निराशा म्हणजे आशा पुरी न होणं, ती चार दिवसांत ओसरते. नैराश्य आज एका आजाराचं नाव म्हणूनही वापरलं जातं. त्याच्या वैद्यकीय निदानात मन खाली गेलेलं असणं किंवा कशातच रस न उरणं, आणि सोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांतले बिघाड, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराचसा वेळ असावे लागतात. सामना हरल्यावर 'चाहत्यांना नैराश्य आलं' असं लिहिलं, की तो शब्द खरोखर ज्यांना लागतो त्यांच्यासाठी दुबळा होतो. तिथे निराशा, हिरमोड, अपेक्षाभंग यातलं काहीही पुरतं. तेच 'डिप्रेशन' या शब्दाचं. उलट, कोणी खरंच आठवडेच्या आठवडे असं सोसत असेल, तर त्याला खट्टू किंवा मरगळलेला म्हणून त्याचं दुखणं हलकं करू नये.

पायरी ९: लेखनातल्या चुका

दुःख, दुःखी, दुःखद यांत विसर्ग हवा. दुखणे, दुखावणे, दुखवटा यांत नको. नैराश्य, वैफल्य, औदासीन्य ही भाववाचक नामंच आहेत, त्यांना पुन्हा 'ता' जोडून नैराश्यता, वैफल्यता करू नये. औदासीन्य मधला 'सी' दीर्घ. विषण्ण मध्ये दोन ण. उदास, खिन्न, मलूल, हताश, खट्टू ही विशेषणं लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. हिरमुसला, रडवेला, उदासवाणा बदलतात. नामांमध्ये हुरहूर, खंत, मरगळ, घालमेल स्त्रीलिंगी, हिरमोड, विरस, वैताग, विषाद पुल्लिंगी, दुःख, नैराश्य, मळभ नपुंसकलिंगी.

पायरी १०: एक वाक्य हातात घेऊन

'सहल रद्द झाल्यामुळे घरातले सगळे खूप दुःखी झाले.' आता यावर वरच्या पायऱ्या चालवून पाहू.

गेलं काय? बेताची रंगत. म्हणजे सगळ्यांचा मिळून विरस. मग एकेकाकडे वळा. धाकटीच्या हातात आलेलं काढून घेतलं गेलं, ती हिरमुसली. दादाने सगळी तयारी केली होती, त्याचं दुःख रागाकडे झुकणार, तो वैतागला. एक दिवस आधी निघालो असतो तर जमलं असतं, हे आईच्या मनात घोळतंय, ही चुटपुट. आजीला स्वतःला जायचंच नव्हतं, तिला वाईट वाटतंय ते पोरांच्या चेहऱ्यांकडे पाहून.

'बेत फिसकटला तसा सगळ्यांचाच विरस झाला. धाकटी हिरमुसून खिडकीशी जाऊन बसली. दादा वैतागला, भरलेली बॅग त्याने पायानेच पलंगाखाली सरकवली. कालच निघायला हवं होतं, अशी आईला चुटपुट लागली. पोरांची उतरलेली तोंडं बघून आजीला कसंतरीच झालं.'

चेहरे 'पडलेले' न लिहिता तोंडं 'उतरलेली' लिहिलं, कारण आजी पाहते तेव्हा बातमी शिळी झालेली आहे. आजीला 'हळहळ वाटली' असं लिहिलं असतं, तर ती घराबाहेरची झाली असती. दादाच्या वाक्यात विशेषणच नाही, बॅग सरकवण्यात ते येऊन गेलं.

शेवटचा हात फिरवताना 'खूप' शोधा. दुःखाच्या शब्दांना आपापली जोरदर्शक विशेषणं ठरलेली आहेत: घोर निराशा, अतीव दुःख, पार खचलेला, पुरता हताश, नुसता वैताग. ती अदलाबदल करून चालत नाहीत. घोर वैताग होत नाही आणि नुसतं दुःख म्हटलं तर अर्थच फिरतो. हिरमुसलेल्याला, विषण्णाला, ओक्याबोक्याला तर जोर आतूनच असतो, त्यांच्याआधी 'खूप' आलेला दिसला की तो खोडा आणि वाक्य एकदा मोठ्याने वाचा. 'धाकटी खूप हिरमुसून बसली' आणि 'धाकटी हिरमुसून बसली': दुसऱ्या वाक्यातली मुलगी जास्त रडवेली दिसते.